सोळा सोमवार आणि माघातला पाऊस

मनाविषयी कोणी आम्हांस नव्याने काही शिकवावे, ही कल्पना वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत आमच्या स्वप्नातही आली नव्हती. समर्थ रामदासांनी मनालाच उद्देशून २०५ श्लोक रचले, आणि आमच्या गोव्यातील घरी ते दिवेलागणीस म्हटल्यावाचून पान वाढले जात नसे. अशा घरात वाढलेल्या माणसाने मनाची ओळख करून घेण्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या एका कॉलेजात नाव घालावे, हा प्रकार कोणासही विनोदीच वाटेल. आमच्या सौभाग्यवतींना तो तसा वाटला, आणि त्यांनी तो लपविलाही नाही.

झाले ते असे. नोकरीतून निवृत्त झाल्यावर २०२३ साली आम्ही उभयता कॅलिफोर्नियात लेकीकडे राहावयास गेलो. दुपारी जावई कचेरीत, लेक दुसऱ्या कचेरीत, आणि नात शाळेत. खिडकीतून दिसणारा रस्ता इतका निर्मनुष्य, की एखादे कुत्रे भुंकले तर सोबत झाल्यासारखे वाटावे. आमचा हा कंटाळा नातीच्या ध्यानात आला आणि तिने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव आमच्या कानी घातले. या कॉलेजांची परंपरा अमेरिकेत जुनी आहे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले. आज एकट्या कॅलिफोर्नियात ती ११६ आहेत. तेथे ना वयाची अट, ना प्रवेशपरीक्षेचा बडगा. राज्यात एक वर्ष आणि वर एक दिवस रीतसर वास्तव्य झालेल्यास शुल्क प्रत्येक युनिटामागे ४६ डॉलर. मानसशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रम तीन युनिटांचा. म्हणजे १३८ डॉलरांत मनाचे रहस्य हाती यावयाचे. आमचे एक वर्ष आणि एक दिवस भरताच नातीने आमचे नाव नोंदविले.

वर्ग ऑनलाइन होता. २६ ऑगस्ट २०२४, सोमवार, या दिवशी तो सुरू झाला आणि दर सोमवारी नवे प्रकरण उघडू लागले. राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स या उपक्रमाने काढलेले पाठ्यपुस्तक लावले होते. ते संगणकावर फुकट वाचावयास मिळते. त्यात प्रकरणे सोळा, आणि सत्रही सोळा आठवड्यांचे! सौभाग्यवतींनी हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, “म्हणजे सोळा सोमवारांचे व्रतच की हे. उद्यापन नीट होईल असे पाहा.”

व्रतास आरंभीच विघ्न आले. ७ सप्टेंबरला चवथ. घरात माटोळी बांधण्याची गडबड, आणि त्याच आठवड्यात आमची पहिली चाचणी. आम्ही प्रकरण तीन वेळा वाचले, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या रंगाने रंगविल्या, आणि वीसपैकी अकरा गुण मिळविले. नातीने ते पाहिले आणि मोठ्या माणसाच्या धीराने पाठीवर हात ठेवला.

या अपयशाचे कारण पुढे त्याच अभ्यासक्रमाच्या ओघात कळले. रोडिगर आणि कार्पिके या दोघा संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन:पुन्हा वाचला. काहींनी तो एकदा वाचून मग पुस्तक मिटले आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. हे वाचले आणि आम्हांस एकदम बाबांची आठवण झाली. बाबा अंत्रुज महालातील आमच्या गावच्या देवळात पुराणिक होते. ते आम्हांस संथा देत, आणि दुसऱ्या दिवशी पोथी स्वत:च्या मांडीखाली सारून म्हणत, “आता म्हण.” अडलो तर सांगत नसत, थांबत. ते थांबणे आम्हांस त्या काळी क्रूर वाटे. त्यातच विद्या मुरते, हे सिद्ध करण्यास अमेरिकेत २००६ साल उजाडावे लागले! आम्ही पिवळा रंग टाकून दिला, संगणक मिटून स्वत:लाच “आता म्हण” असे सांगू लागलो, आणि पुढच्या चाचणीत सतरा गुण पडले. आपल्या परंपरेचा झेंडा मिरविण्यास याहून अधिक काय हवे? आम्ही तो आठ दिवस घरभर मिरविला.

परंतु परंपरेत जन्मल्याने शहाणपण आपोआप येत नाही, हे पुढच्या काही सोमवारांनी दाखविले.

१४ ऑक्टोबरच्या सोमवारी आठवे प्रकरण उघडले: स्मृती. आमची समजूत अशी, की स्मृती म्हणजे फडताळ. वस्तू ठेवावी, हवी तेव्हा काढावी, फार तर धूळ झटकावी. हे प्रकरण त्या समजुतीच्या मुळावरच आले. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यात होता. मोटारींच्या अपघाताच्या चित्रफिती विद्यार्थ्यांना दाखविल्या आणि विचारले, गाड्यांचा वेग किती होता? काहींना विचारताना ‘गाड्या आदळून चुरडल्या तेव्हा’ अशा अर्थाचे क्रियापद योजले, काहींना ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ अशा अर्थाचे. चित्रे तीच, तरी पहिल्यांचा अंदाज सरासरीने ताशी ४० मैलांहून अधिक, दुसऱ्यांचा ३१.८. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारले, फुटलेली काच पाहिलीत का? चित्रात काच नव्हतीच. पण ज्यांना ‘चुरडल्या’ म्हणून विचारले होते, त्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिली होती! ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना ती काच खरोखरच आठवत होती.

त्या आठवड्याचे लेखनकार्य असे होते: आयुष्यातील एखादी अत्यंत स्पष्ट आठवण वर्गासाठी लिहावी, आणि वर्गातील दोघांच्या लेखनास उत्तर द्यावे. आम्हांस निवड करावी लागली नाही. १९७१ सालची ती रात्र आम्ही त्रेपन्न वर्षे उशाशी घेऊन निजलो होतो.

बाबांना दमा होता. त्या रात्री तो विकोपास गेला, आणि अकरा वर्षांच्या आम्हांस पलीकडच्या वाड्यावरील वैद्यांना आणण्यास पाठविले. पाऊस कोसळत होता. तांबड्या चिखलात पाय रुतत होते. वाटेत देवळाच्या प्रांगणात दशावतारी काला चालला होता. मशालींच्या उजेडात संकासुर नाचत होता, आणि आम्ही क्षणभर, कदाचित क्षणाहून अधिक, थांबलो. वैद्यांना घेऊन परतलो तेव्हा बाबा गेले होते. थोरली ताई उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली, “तू वेळेवर आला असतास तर बाबा वाचले असते.”

या वाक्याबद्दल आम्ही ताईशी कधी भांडलो नाही, आणि ते कधी विसरलोही नाही. ती लग्न होऊन बेळगावला गेली. भाऊबीजेला आम्ही जात असू, ओवाळून घेत असू, तबकात ओवाळणी घालीत असू; परंतु तिच्या घरी लागोपाठ दोन रात्री आम्ही कधी राहिलो नाही. काही ना काही काम निघे. तिनेही कारण विचारले नाही. सभ्य कुटुंबांत दुरावा असाच नांदतो. त्यास आवाज नसतो.

हे सारे आम्ही लिहिले. आमच्या वर्गात बहुतेक मुले पंचविशीच्या आतली; काही रात्रपाळी करून शिकणारी. त्यांतील एका मुलीने, जिला पुढे परिचारिका व्हावयाचे होते, आमच्या लेखनास उत्तर दिले. आरंभी दु:ख व्यक्त करून तिने साध्या कुतूहलाने विचारले, “तुमच्याकडे पावसाळा कोणत्या महिन्यांत असतो?”

आम्ही उत्तर लिहू लागलो: जून ते सप्टेंबर. आणि हात थांबला.

बाबांची तिथी माघ वद्य षष्ठी. त्रेपन्न वर्षांत त्या तिथीला श्राद्ध चुकले नव्हते. दर माघात आम्ही पिंड ठेवीत होतो, दर माघात तो पाऊस आठवून डोळ्यांत पाणी आणीत होतो, आणि बाहेर दर वेळी कोरडे ठणठणीत ऊन पडलेले असे! माघ म्हणजे फेब्रुवारीच्या आसपासचा काळ. गोव्यात तेव्हा आंब्याला मोहोर असतो. आणि उघड्या प्रांगणात काला चालू असताना पाऊस कसा कोसळत होता, हा प्रश्न तर शेंबड्या पोरासही पडावा. आम्हांस तो कधी पडला नव्हता.

वाचकहो, त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. पाऊस खोटा ठरला याचे दु:ख नव्हते. पाऊस जर खोटा, तर उंबऱ्यातले ते वाक्य? दोन्ही आठवणी सारख्याच लख्ख होत्या. किंबहुना पायांखालचा चिखल आम्हांस ताईच्या आवाजाहून अधिक स्पष्ट आठवत होता. आमच्या बाईंना आम्ही कधी समोरासमोर पाहिले नाही. त्यांनी आमच्या कागदाखाली एवढेच लिहिले होते, की आठवणीची खात्री वाटणे हा तिच्या खरेपणाचा पुरावा नव्हे.

ताईला विचारावयास आम्ही अडीच आठवडे घेतले. खरे सांगावयाचे तर भीती वाटत होती. तिने ते वाक्य कबूल केले असते तर जखम पुन्हा ओली झाली असती. नाकारले असते, तर इतकी वर्षे आपण एका निरपराध बहिणीस शिक्षा केली हे स्वीकारावे लागले असते. अखेर ३ नोव्हेंबरला भाऊबीज आली. बेळगावास सकाळचे साडेआठ, आमच्याकडे शनिवारची रात्र. फोनवर नमस्कार झाले आणि आम्ही विचारले, “बाबा गेले तेव्हा पाऊस होता ना गं?”

सासरी पन्नास वर्षे मराठी बोलणारी ताई चकित झाली की कोकणीवर येते. “पावस? माघांत खंयचो रे पावस?”

मग ती बोलत राहिली. दर पावसाळ्यात बाबांचा दमा उसळे आणि दर वेळी आम्हीच वैद्यांकडे धावत असू. एका रात्री तर गुडघाभर चिखलाने माखून आलो होतो, आणि तिने चुलीवरच्या ऊन पाण्याने आमचे पाय धुतले होते. अशा पाच-सहा रात्री तरी तिला आठवत होत्या. आमच्या मनाने त्या साऱ्या रात्री एका रात्रीत ओतल्या असाव्यात. आम्ही घसा साफ करून ते वाक्य विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. म्हणाली, “मी तसे म्हटल्याचे मला आठवत नाही. मी उंबऱ्यात नव्हतेच. आत बाबांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवीत होते. पण सतरा वर्षांची होते रे. म्हटले असेन तर...” आणि पुढे तिला बोलवले नाही. आम्हांसही नाही.

येथे एखादा कथालेखक निकाल लावून मोकळा झाला असता. आम्हांस ते करता येत नाही, कारण आठवे प्रकरण आम्ही नीट वाचले आहे. ताईची आठवण हीसुद्धा आठवणच. कालौघात तीही मृदू झाली असेल. ते वाक्य तिने उच्चारले असेल, दुसऱ्या कोणी उच्चारले असेल, अथवा संकासुराचा नाच पाहत थांबलेल्या अकरा वर्षांच्या पोराचे मन स्वत:लाच तसे म्हणाले असेल आणि पुढे त्यास ताईचा आवाज मिळाला असेल. हे सांगणारा साक्षीदार आज कोणी उरलेला नाही. एवढे मात्र खरे, की ज्या पुराव्यावर आम्ही त्रेपन्न वर्षे बहिणीस दूर ठेवले, तो कोणत्याही पंचायतीत टिकला नसता. आणि ज्या पोरास आम्ही केवळ उशिरा आलेला म्हणून ओळखत होतो, तो कितीतरी पावसांत वेळेवर धावलाही होता, हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते. कारण आम्ही कोणास विचारलेच नव्हते.

डिसेंबरात सोळावा सोमवार झाला, परीक्षा झाली, ‘बी’ श्रेणी मिळाली. सौभाग्यवतींनी उद्यापनाचा शिरा केला. २०२५ च्या माघात आम्ही गावी जाऊन श्राद्ध केले, ताईही आली. तेथून तिच्याबरोबर बेळगावला गेलो आणि आठ रात्री राहिलो. एका संध्याकाळी देवापुढे वाती वळता वळता तिने विचारले, “त्या शिक्षणाला पैसे किती पडले?” आम्ही १३८ डॉलरांचा हिशेब रुपयांत सांगितला. तिने कपाळावर हात मारला.

“माघात पाऊस नसतो, हे मी तुला फुकट सांगितले असते.”

खरे आहे. परंतु ते तिला विचारण्यास आम्हांस त्रेपन्न वर्षे आणि आठ सोमवार लागले.