कात्रीपलीकडचं कपाट

माझ्या कामाच्या खोलीत दोन कपाटं आहेत. दाराजवळच्या उघड्या फळ्यांवर सामान असतं: दोरे, मणी, आरसे, कवड्या, मीटरवर आणलेलं कापड, चिंध्या. आतल्या भिंतीला लोखंडी कपाट आहे, त्यात ठेवा. घरातल्या बायकांनी तीन पिढ्यांत हाताने भरलेलं, नेसलेलं, पांघरलेलं. दोन्हींच्या मध्ये टेबल आणि टेबलाशेजारी खिळ्याला टांगलेली कात्री. फळ्यांवरच्या कशालाही कात्री लागलेली चालते. लोखंडी कपाटातल्या एका दोऱ्यालाही नाही. शिवणाची खोली कशी लावायची असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगते. मला ते वेळेवर कळलं नव्हतं.

मी वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची. १९९६ साली शहरातल्या एका प्रदर्शनासाठी आम्ही काही मुली बंजारा भरतकामाच्या पिशव्या करत होतो. नवं भरायला वेळ नव्हता आणि घेणाऱ्यांना जुनंच काम हवं होतं. याडीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, पेटीत तळाशी एक काचळी, म्हणजे चोळी, सापडली. बाह्या विरलेल्या, पाठीचे बंद तुटलेले, पण छातीवरचं काम जसंच्या तसं. लाल जाड्याभरड्या कापडावर आरसे, त्यांच्याभोवती पिवळा-पांढरा दोरा, कडेला कवड्यांची ओळ. मी तेवढा भाग कापून घेतला, मागे अस्तर लावलं, पट्टा शिवला. पिशवी पहिल्याच दिवशी विकली गेली. दिवाळीच्या आवराआवरीत याडीने पेटी उपसली तेव्हा कळलं की ती काचळी तिच्या आईच्या लग्नातली. याडी मला एक शब्द बोलली नाही. उरलेले बंद आणि एक बाही तिने मांडीवर घेतली, हात फिरवला, घडी करून परत ठेवली.

त्यानंतर मी जुन्या कापडांचं जतन करायला शिकले आणि तोच माझा व्यवसाय झाला. संग्रहालयांची कामं असतात, पण अलीकडे घरांतून जास्त बोलावणी येतात. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, कुठेही जा, शिवणाची खोली बरीचशी सारखीच दिसते. शिलाई मशीन, मशीनखाली चिंध्यांचं बोचकं, फडताळावर ट्रंका, मिठाईच्या रिकाम्या डब्यांत लेस आणि टिकल्या. त्याच ढिगात आजीचं नऊवारी, बाळंतविड्यातली कुंची, सासूबाईंच्या रुखवतातलं काचेच्या नळ्यांचं तोरण, क्रोशाचे रुमाल, अर्ध्यावर राहिलेली वाकळ. बाई हताश होऊन म्हणते, “मॅडम, फेकावं तर मन होत नाही, अन् ठेवावं तर जागा नाही. काय करू सांगा!”

वर्षभर वापरलं नाही ते टाकून द्या, असा एक सल्ला हल्ली सगळीकडे ऐकू येतो. कोऱ्या प्लास्टिकच्या डब्यांना तो ठीक आहे. हातकामाच्या खोलीत तो घातक आहे. तीस वर्षं ज्याला कुणी हात लावला नाही, तेच बहुधा त्या घरातलं सर्वांत मोलाचं कापड असतं. पण सगळं एका गाठोड्यात कोंबून वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. वाशीमचा मे महिना पत्र्याच्या छपराखाली कापडाला अक्षरशः भाजतो. मग मृगाचा पाऊस लागला की तेच कापड दमट होतं, घडीत बुरशी धरते. गाठोडं बांधून माळ्यावर टाकणं म्हणजे फेकून देणंच, फक्त हळूहळू.

आमच्या तांड्यावर कपाट नावाची वस्तूच नव्हती. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत देशभर फिरणारे आम्ही लोक. लवण वाहणारे म्हणून लमाण, असं सांगतात. रेल्वे आली आणि तो व्यापार गेला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आमच्यातल्या अनेकांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो स्वातंत्र्यानंतर १९५२ साली पुसला गेला. या साऱ्या भटकंतीत घर बैलावर मावेल एवढंच असायचं. म्हणून प्रत्येक वस्तूला तिची पिशवी. पैशांची कोथळी निराळी, पानसुपारीची निराळी. डोक्यावर घागर ठेवायला कवड्यांनी मढवलेली चुंबळ, आणि घागरीमागे लोंबणारी भरलेली पट्टी. लोक या कामाला नक्षी समजतात. पण दाट टाक्यांनी दोन-तीन पदर एकत्र शिवले की कापड चिवट होतं, घासलं तरी फाटत नाही. भरतकाम हेच आमचं कपाट होतं. माझ्या खोलीत प्लास्टिकचे डबे नाहीत, मापाच्या मांजरपाटाच्या पिशव्या आहेत, त्या इथूनच आल्या.

खोली लावायला मी तीन दिवस मागते, आणि पहिल्या दिवशी एकही वस्तू जागची हलवत नाही. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला खुर्ची देऊन मध्ये बसवते आणि एकेक वस्तू तिच्या हातात देते. हे कुणी केलं? कुठल्या गावचं? कशाच्या वेळी? घरच्यांना हा वेळकाढूपणा वाटतो. तासाभरात मात्र सुना, नाती सगळ्या येऊन बसतात, कारण हे त्यांनीही कधी ऐकलेलं नसतं. रिसोडकडच्या एका आजीबाईंनी फाटकी वाकळ हातात घेतली आणि तिच्यातला एकेक तुकडा बोटाने दाखवत सांगितलं, हे माझ्या मायच्या लुगड्याचं, हे थोरल्याच्या सदऱ्याचं. ती वाकळ सकाळपर्यंत मशीन पुसायला काढलेल्या चिंध्यांत होती.

जे कळेल ते लगेच वहीत लिहायचं. क्रमांक, वस्तू, करणारीचं नाव, गाव, प्रसंग. तोच क्रमांक सुती फितीवर शिसपेन्सिलीने लिहून ती फीत अस्तराच्या कडेला दोन सैल टाक्यांनी अडकवायची. टाचणी नको, ती गंजते. चिकटपट्टी नको, तिचा डिंक कापडात उतरतो आणि मग निघत नाही. बॉलपेन तर नकोच. ही वही झाली की खोली निम्मी लागलेली असते. कशाला कात्री लागू शकते आणि कशाला नाही, हे मला ठरवावं लागत नाही, त्या घरातल्या बायकाच ठरवतात.

आता लोखंडी कपाटाविषयी थोडं सविस्तर, कारण ‘लाकडी का नाही’ हे मला नेहमी विचारतात. वाळवी हे एक कारण, पण खरं कारण कवडी आहे. कवडी म्हणजे चुनखडीचं कवच. लाकडातून, त्याहून जास्त प्लायवूडमधून आणि त्याच्या डिंकातून, आम्लाची सूक्ष्म वाफ सतत निघत असते. बंद कपाटात ती कोंडते आणि दमट हवेत कवडीच्या चुन्यावर काम करते. आधी कवडीची चकाकी जाते, मग तिच्यावर पांढरी भुकटी येते, शेवटी ती खडबडीत होते आणि झिजत जाते. इंग्लंडमध्ये बाइन नावाच्या शिंपलेसंग्राहकाने १८९९ साली या विकाराबद्दल लिहिलं. त्याला तो जंतूंचा प्रताप वाटला होता, पण रोगाला नाव त्याचंच राहिलं. मालदीवच्या समुद्रातून निघून एकेकाळी पैसा म्हणून हिंदुस्थानभर फिरलेल्या आणि शेवटी आमच्या आज्यांच्या काचळीवर येऊन बसलेल्या कवड्या नव्या कोऱ्या प्लायवूडच्या कपाटात पांढऱ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. घरच्यांनी ते कपाट प्रेमाने, खास या कपड्यांसाठी करून घेतलं होतं. लाकडी कपाटच असेल तर दारं वरचेवर उघडी ठेवा, हवा खेळू द्या आणि कवड्यांचे कपडे दुसरीकडे हलवा.

काचळीवर आणि टुकरीवर, म्हणजे ओढणीवर, जुनी नाणी आणि पत्र्याची फुलं शिवलेली असतात. तांब्याचा अंश असलेल्या धातूवर हिरवा कळंक चढतो आणि खालचं कापड खातो. तो काढायला चिंच, राख, भांड्यांची पावडर यांतलं काहीही लावू नका. खळ धुऊन काढलेल्या मलमलचा तुकडा धातू आणि घडीच्या मध्ये ठेवा, एवढं पुरतं.

घडीची गोष्ट अशी, की कापड नेहमी घडीवरच फाटतं. फेटियासारखा जड घेराचा कपडा टांगला तर स्वतःच्या वजनाने कमरेशी उसवतो, म्हणून तो आडवा ठेवायचा. घडीच्या आत मलमलची सैल गुंडाळी घालायची, म्हणजे कापडावर धार येत नाही. टुकरीसारखं सपाट कापड नळीवर मलमल गुंडाळून त्यावर लपेटायचं, भरतकामाची बाजू बाहेर ठेवून. वर्षातून दोनदा, अक्षय्य तृतीयेला आणि दसऱ्याला, सगळं उघडायचं आणि घडी मोडून दुसऱ्या जागी घालायची. उघडताना ऊन दाखवू नका. गाद्यांना ऊन देतो तसं जुन्या लाल कापडाला देणाऱ्या बायकांना मी हात जोडते. आल, मंजिष्ठा असे जुने रंग उन्हात एकदा उडाले की परत येत नाहीत. ओसरीची सावली आणि वारा पुरे.

कसरीसाठी डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही. त्यांची वाफ माणसाला बरी नाही आणि प्लास्टिकच्या टिकल्यांना ती मऊ करते. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला आणि वेखंड, मलमलच्या पुरचुंडीत बांधून, कापडाला न टेकवता. यानेही कीड फक्त दूर राहते, आत शिरलेली मरत नाही. त्यावर उपाय वारंवार उघडून पाहणं हाच. लोकरीच्या वस्तूला कीड लागलीच तर पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर. आरसे-कवड्यांच्या कामाला मी हा उपाय करत नाही.

सामानाच्या फळ्यांवर फार शास्त्र लागत नाही. मणी काचेच्या बरण्यांत, म्हणजे शोधताना सगळं सांडावं लागत नाही. सुया खडूच्या तुकड्यासोबत डबीत, पावसाळ्यात गंजत नाहीत. दोऱ्याच्या लडीवरचा कागद कधी काढू नका. त्यावर छटेचा क्रमांक असतो, आणि आठ मीटरची लडी मध्येच संपली की तोच क्रमांक तुम्हाला वाचवतो. नवा लाल दोरा वापरण्याआधी ओल्या पांढऱ्या कापसावर दाबून पाहा, रंग सोडतो का ते.

पोहरादेवीला, आमच्या सेवालाल महाराजांच्या समाधीस्थानी, ५ ऑक्टोबर २०२४ रोजी नंगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. त्यानंतर मला येणारे फोन बदलले. घरात पडलेलं ‘जुनं ते काहीतरी’ काय आहे, हे विचारायला तरुण मुली फोन करतात. काचेआड तसाच फेटिया पाहून त्या घरी येतात आणि आजीची पेटी उघडतात. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ साली हंपीच्या जी-२० बैठकीच्या वेळी साडेचारशे बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून विक्रम झाला. ते सगळं नवं काम होतं, नव्या कापडावरचं. आमच्याकडच्या मुलींनीही पिशव्या कराव्यात, विकाव्यात, चांगले पैसे घ्यावेत. पण आजही बाजारात ‘अँटिक पॅच’ म्हणून उशांच्या अभ्र्यांवर शिवलेले तुकडे दिसतात, आणि ते काम ओळखणाऱ्या माणसाला कळतं की ही कुणाची तरी काचळी होती.

चार वर्षांपूर्वी याडी गेली. तिच्या पेटीत एक अर्धवट टुकरी निघाली. एका कोपऱ्यात सुई तशीच टोचलेली, सुईत लाल दोरा. माझ्या व्यवसायाचा नियम साधा आहे: लोखंड काढून टाका, गंज कापड खातो. सुईच्या भोवती तपकिरी डाग धरायला लागलाच होता. तरी मला दोन दिवस हात लावता आला नाही, कारण तिचा हात कुठे थांबला ते ती सुई सांगत होती. शेवटी सुई काढली, वेगळ्या पाकिटात ठेवली, आणि त्या जागी पांढऱ्या दोऱ्याचा एक सैल टाका घातला. वहीत ओळ लिहिली. टुकरी लोखंडी कपाटात गेली, उरलेल्या काचळीच्या बाहीशेजारी.

पेटीतल्या त्याच लाल दोऱ्याच्या साडेतीन लड्या मात्र कुठे ठेवायच्या, ते कळेना. ते सामान होतं की ठेवा? वर्षभर त्या टेबलावरच पडून होत्या. मग मी त्या दाराजवळच्या फळीवर ठेवल्या. गेल्या महिन्यात माझी मुलगी तिची पहिली कोथळी भरायला बसली आणि लाल दोरा मागू लागली. दुकानातून आणलेली नवी लडी समोर होती. मी याडीची अर्धी लडी उचलून तिच्या हातात दिली आणि खिळ्यावरची कात्री काढून दिली.