सुगंध लावायचा तो कुणासाठी?

परफ्यूम कसा निवडावा यावर लेख म्हटल्यावर आपल्यातले काही कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतील. शिष्यवृत्ती, आरक्षण, अ‍ॅट्रॉसिटी हे प्रश्न सोडून सेंटच्या बाटल्या कुठून आल्या? आमचे म्हणणे असे की, वासाचा प्रश्न हासुद्धा जातीचाच प्रश्न आहे.

आमच्या वस्तीतले बाप-काका पालिकेत सफाईला होते. ड्युटीवरून आले की आधी दाराबाहेर लाल साबणाने अंग घासायचे, मगच पोरांना जवळ घ्यायचे. घाण साऱ्या शहराची, लाज मात्र त्यांच्या वाट्याला. पुढे आम्ही हॉस्टेलवर गेलो. रोज आंघोळ करूनही आम्ही खोलीत शिरलो की कुणीतरी उठून खिडकी उघडायचे. त्यांना वास येत होता तो आमच्या आडनावाचा! मग शिष्यवृत्ती हातात पडताच आमच्यातल्या कित्येकांनी बॉडी स्प्रे आणला आणि अर्धी बाटली अंगावर रिकामी केली. ही निवड नव्हती, ही भीती होती.

अंगावर काय घालायचे हे दुसऱ्याने ठरवण्याची परंपरा जुनी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत असा हुकूम आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ते पुस्तक जाळले गेले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना सांगितले की, लुगडे फाटके असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या. अस्पृश्यतेची ओळख सांगणारी नेसण्याची पद्धत आणि दागिने टाकून द्या. स्वतःच्या देहावर स्वतःचा अधिकार, हा त्या सांगण्याचा अर्थ आम्ही घेतो.

तेव्हा निवडायचे तर नीट समजून निवडा. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू तो घाम फोडतात तेव्हा वास येतो. म्हणून आधी आंघोळ आणि धुतलेला सदरा, सुगंध त्यानंतर. दुकानात एका वेळी तीनपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक गोंधळते. कागदी पट्टीवर आवडला तर मनगटावर लावा. मनगटे एकमेकांवर घासू नका. पहिल्या पाच-दहा मिनिटांत येतो तो लिंबू-संत्र्यासारखा चटकन उडणारा भाग. विक्रेता त्याच्याच जोरावर बाटली खपवतो. चंदन, कस्तुरी, लाकडाचा खरा मुक्काम नंतर कळतो. दोन-तीन तास फिरून या, मग पैसे काढा. एकच परफ्यूम मित्राच्या अंगावर वेगळा आणि तुमच्या अंगावर वेगळा वाटतो. कोरड्या त्वचेवर तो लवकर उडतो. खाज येते का तेही पाहा.

बाटलीवर ईडीपी असेल तर सुगंधी अर्क साधारण १५ ते २० टक्के, ईडीटी असेल तर त्याहून कमी. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात, लोकलच्या गर्दीत जड गोड वास डोके उठवतो. तिथे वाळा किंवा लिंबूवर्गीय हलका वास बरा. थंडीत, लग्नकार्यात हिना, ऊद शोभतो. महाग ब्रँड पाहिजेच असे नाही. कनौजचे अत्तर छोट्या कुपीत मिळते. तिथे भाजलेल्या मातीपासून पहिल्या पावसाच्या वासाचे अत्तर काढतात. आणि 'पुरुषांचा', 'बायकांचा' या चिठ्ठ्यांकडे लक्ष देऊ नका. गुलाबाला लिंग नसते. जन्मावरून माणसाला चिठ्ठी लावणे आपल्याला मान्य नाही, मग बाटलीची चिठ्ठी का मानावी?

पण एक गोष्ट विसरू नका. चांगला वास आला म्हणून जात सुटत नाही. खिडकी उघडणारा उद्या दुसरे काही शोधेल. त्याच्यासाठी एक थेंबही खर्चू नका. आणि स्वतः सुगंध लावून गटारात उतरणाऱ्या आपल्याच भावाकडे पाहून नाक मुरडू नका. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसायला लावणे गुन्हा आहे, तरी माणसे आजही गटारात गुदमरून मरतात. त्या दुर्गंधीला उत्तर अत्तर नाही. यंत्र, कायद्याची अंमलबजावणी आणि आपला लढा हेच उत्तर आहे.

मोर्चाला जाताना, मुलाखतीला जाताना, की नुसतेच घरी पुस्तक वाचत बसताना, तुम्हाला आवडतो म्हणून लावा. आवडत नसेल तर लावू नका. दोन्ही ठरवणारे तुम्हीच.

जय भीम!