खळ्यातली रोषणाई

मालवणचा किनारा पाहायला लोक दूरदूरहून येतात. सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, तारकर्लीच्या वाळूत फिरतात, देवबागला होडीत बसतात आणि परत जातात. आम्ही चाकरमानी मात्र येतो ते घरच्या कार्याला. १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. तेव्हापासून रात्री मुंबईत गाडीत बसावे, सकाळी कुडाळला उतरावे आणि एस.टी.ने मालवण गाठावे, असा आमचा रिवाज झाला आहे. एप्रिल-मे महिन्यांत या वाटेवर वाडीवाडीत मांडव दिसतात. कुठे मंगल परिणय, कुठे बाळाचे नामकरण, कुठे १४ एप्रिलची जयंती. दिवस मावळला की या मांडवांतून दिव्यांच्या माळा पेटतात. आज त्या माळांविषयीच थोडे सांगायचे आहे.

कोकणात घरापुढच्या अंगणाला खळे म्हणतात. पावसाळा संपला की ते चोपून, शेणाने सारवून तयार करतात. भात झोडणे, मिरच्या वाळवणे, रात्री गप्पा मारीत बसणे, सारे तिथेच. कार्य ठरले की खळ्यात पोफळीचे किंवा बांबूचे खांब उभे राहतात आणि वर नारळाच्या विणलेल्या झावळ्या पडतात. शहरात एका संध्याकाळच्या हॉलसाठी कर्ज काढणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. इथे वाडीतले हात मांडव घालतात, वाडीतल्या बाया स्वयंपाक करतात आणि दोन-चार माळा लावल्या की तेच खळे राजवाड्यासारखे उजळते. गरिबाच्या घरचा हा आनंद स्वस्तातला असला तरी हलका नाही. म्हणूनच तो दुःखात बदलू नये याची काळजी घ्यायला हवी.

समुद्रकाठची गोष्ट वेगळी असते. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या हवेतच मीठ आहे. गेल्या वर्षीची माळ खोक्यातून काढून पाहा. होल्डरमधल्या पितळेवर हिरवट थर चढलेला असतो, वायरचे जोड काळे पडलेले असतात. असा जोड सैल झाला की तापतो, ठिणगी टाकतो, आणि वर तर वाळलेली झावळी! शिवाय धूळ बसावी म्हणून संध्याकाळी खळ्यात पाणी शिंपडलेले असते आणि माणसे अनवाणी वावरत असतात. घरातली वीज २३० व्होल्टची. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात उघड्या तारेला लागला, तर पुढचे सांगायला नको.

तेव्हा माळ लावण्याचे काम पोरांच्या उत्साहावर सोडू नये. आधी माळ जमिनीवर पसरून वीतभर-वीतभर तपासावी आणि उजेडी पेटवून पाहावी. जिथे वायर तडकली असेल ती माळ बाजूला ठेवावी. मग खांबापासून खांबापर्यंत नायलॉनची मजबूत दोरी बांधावी आणि माळ त्या दोरीला ठिकठिकाणी अडकवावी. भार दोरीने सोसायचा, वायरने नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. वायर ताणून बांधली तर त्या वाऱ्यात ती नेमकी जोडापाशीच तुटते. म्हणून थोडा झोल ठेवावा, पण डोक्यावर पातेले घेऊन जाणाऱ्याला लागणार नाही इतकी उंचीही ठेवावी. वायरला खिळे ठोकू नयेत. पत्र्यावरून किंवा लोखंडी खांबावरून ती तशीच ओढू नये. नारळ लागलेल्या माडाखालून तर मुळीच नेऊ नये. जोड जमिनीवर न ठेवता उंच आणि झाकलेला असावा. मे महिन्यात वळीव कधी कोसळेल याचा नेम नसतो.

दिवे एलईडीचे घ्यावेत. जुने १५ वॉटचे २० बल्ब पाच तास जळले तर दीड युनिट वीज जाते. एक वॉटच्या २० एलईडींना तेवढ्याच वेळात युनिटचा दहावा भाग पुरतो. शिवाय ते जुन्या बल्बांसारखे तापत नाहीत, हे झावळीच्या मांडवात फार महत्त्वाचे. त्याहून मोलाचा खर्च ईएलसीबीचा. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की क्षणात पुरवठा तोडणारे हे यंत्र. घरासाठी ते ३० मिलीअँपिअरचे असावे आणि वायरमनकडूनच बसवून घ्यावे. चार माळा कमी लावा, पण हे बसवा. आणि तरीही कुणाला शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नये, आधी मेन स्विच बंद करावा.

खांबावरच्या तारेवर आकडा टाकण्याची सवय काही ठिकाणी अजून आहे. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही. कार्यासाठी तात्पुरती जोडणी रीतसर मिळते. स्वाभिमानाने जगा असे मुलांना सांगणाऱ्यांच्या दारात चोरीचा दिवा शोभत नाही.

शेवटची गोष्ट किनाऱ्याची. या जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या पुळणींवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, म्हणजे ऐन लग्नसराईपर्यंत हा क्रम चालतो. अंधाऱ्या रात्री समुद्राची बाजू उजळ दिसते, तिकडे पिल्ले धावतात. आपल्या माळा पुळणीकडे झगमगत राहिल्या तर ती उलटी जमिनीकडे वळतात आणि मरतात. म्हणून ज्यांचे घर पुळणीला लागून आहे त्यांनी दिव्यांचा उजेड खळ्यातच राहील असा बेत करावा. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावाच लागतो, त्याच वेळी समुद्राकडच्या माळाही बंद कराव्यात. करुणा शिकवणाऱ्या बुद्धाच्या लेकरांना एवढे जड जाऊ नये.

वाचक बंधू-भगिनींनो, यंदा सुट्टीत गावी जाल तेव्हा मुंबईहून कपडे-खाऊ न्याल, तसा इन्सुलेशन टेप आणि चांगल्या दोरीचा एक गुंडाही पिशवीत टाका. आपल्या वाडीत विजेचे काम शिकलेला एखादा मुलगा असेलच. मांडवाची जबाबदारी त्याच्यावर सोपवा आणि त्याची मजुरी न विसरता द्या.