ओवऱ्या

मस्तगडातल्या मोठ्या विहिरीच्या पोटात ओवऱ्या आहेत, दालनं आहेत. वैशाखात जालना तापलं की आम्ही पोरं तिथल्या गारव्याला जायचो. दगडाला पाठ टेकली की सदऱ्यातून थंडावा अंगात उतरायचा. निजामुल्मुल्क असफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने 1725 साली बांधलेली ही गढी. पुढे तिथे नगरपालिकेचा कारभार चालू झाला. दाखल्यासाठी आलेली माणसं भिंतीच्या सावलीला बसून डबा सोडायची.

वडील जिनिंगमध्ये होते. गाठी मुंबईला जायच्या, एवढंच आम्हाला ठाऊक. नोकरीनिमित्त मी मुंबईला गेलो आणि कापसाच्या पैशाने काय बांधलं ते पाहिलं. आजचं हॉर्निमन सर्कल, म्हणजे जुनं एल्फिन्स्टन सर्कल, उभं राहिलं तिथे पूर्वी मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठी रचलेल्या असत. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच भरात हे वर्तुळ आखलं गेलं. 1872 ला पुरं झालं. बँका आणि पेढ्या एका वळणात, खांद्याला खांदा लावून उभ्या. समोर टाउन हॉल. खाली सलग कमानी, आणि कमानींच्या माथ्यावर, दोन्ही बाजूंचा भार अडवून धरणाऱ्या दगडावर, कोरलेले दाढीवाले चेहरे. त्यांच्याकडे मी मान मोडेपर्यंत बघत राहायचो.

एवढा दगड कशासाठी? ठेवीदाराला वाटावं, इथे आपला पैसा बुडायचा नाही. पण 1865 ला युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, आणि सरकारी भागभांडवल असलेली बँक ऑफ बॉम्बेसुद्धा 1868 ला बुडाली. भक्कम भिंतींवर माणसं विश्वास ठेवतात. तो विश्वास भिंती राखत नाहीत.

मला त्या इमारतींतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो बँकेच्या दाराबाहेरचा, कमानींखालचा रस्ता. खातं असो-नसो, पावसात कुणीही तिथून कोरडं जातं. हमाल टेकतो, कारकून चहा पितो. तिजोरीवाल्यांनी आपल्या जागेतली एवढी रुंदी वाटसरूला सोडली, हा त्या बांधणीचा खरा मोठेपणा.

आता गावाकडे बँका काचेच्या होतात. आत एसी, बाहेर पायरीवर रणरणतं ऊन. पेन्शनच्या तारखेला म्हातारी माणसं डोक्यावर पासबुक धरून रांगेत उभी असतात. नकाशा काढणाऱ्याने दारापुढे आठ फुटांची ओवरी काढली, तर असा कितीसा खर्च वाढेल?