आमचा वाचाघात

अर्धांगवायू हा शब्द आपल्या जिल्ह्यात लहानथोरांस ठाऊक आहे. परांड्यापासून उमरग्यापर्यंत कोणत्याही गावी जावे, ओसरीवर लुळा हात मांडीवर घेऊन बसलेला एखादा वृद्ध दृष्टीस पडतोच. परंतु ‘वाचाघात’ म्हटले की बहुतेक मंडळी ‘म्हणजे मुके होणे काय?’ असे विचारतात. ही समजूत बरोबर नाही आणि तिच्यामुळे रोग्याचे हाल दुप्पट होतात, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहावयास घेतला. संपादकांनी आठ दिवसांची मुदत दिली होती. आम्हांस सात आठवडे लागले.

मुका मनुष्य लिहू शकतो. लूककृत शुभवर्तमानातील जखऱ्याची वाचा बंद झाली तेव्हा त्याने पाटी मागवून मुलाचे नाव लिहून दाखविले. वाचाघातात पाटीचाही उपयोग होत नाही. जीभ, ओठ, घसा सर्व शाबूत असले तरी भाषाच हाती लागत नाही; लिहिणे जाते, वाचणे जाते, पुष्कळांस ऐकलेलेही नीट उमगत नाही. मात्र बुद्धी ठिकाणावर असते. समोर कोण बसले आहे, त्याने आपले किती रुपये देणे आहे, हे सर्व रोग्यास कळत असते. विहिरीत पाणी भरपूर आहे, पोहराही आहे. दोर तेवढा तुटला, अशी ही अवस्था.

सन १८६१ मध्ये पॅरिस येथील शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे लबोर्न नावाचा एक रोगी आला. वीस वर्षांहून अधिक काळ तो ‘तां’ एवढे एकच अक्षर उच्चारीत असे, म्हणून रुग्णालयात त्याचे नावच ‘तां’ पडले होते. तो वारल्यावर ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तो कपाळामागील डावा भाग नासलेला आढळला. पुढे १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निके या जर्मन वैद्याने दुसरा एक प्रकार दाखविला. त्यात रोगी घडाघडा बोलतो, परंतु बोलण्यास अर्थ नसतो. बहुतेक मनुष्यांची भाषा मेंदूच्या डाव्या अंगी वसते, आणि तेच अंग शरीराच्या उजव्या बाजूस चालविते. म्हणून वाचा जाते तेव्हा पुष्कळदा उजवा हातही सोबत जातो. आमचे तसेच झाले.

सन २०२२ च्या नोव्हेंबरातील एका सकाळी आम्ही आठवीच्या वर्गाची हजेरी घेत होतो. पटावरील नावे दिसत होती, परंतु ती नावे आहेत असे वाटेना. मुंग्यांची रांग कागदावरून चालावी तशी ती दिसू लागली. तोंडातून काही आवाज निघाले असावेत, कारण मागच्या बाकांवर हशा पिकला. मग हातातील खडू पडला आणि हशा थांबला. पुढे जे व्हावयाचे तेच झाले. नोव्हेंबरात ऊन कोठले, तरी कोणी ऊन लागले म्हणाले, कोणी पित्त म्हणाले, एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. पहिल्या दवाखान्यात नेले, तेथील सी. टी. स्कॅनचे यंत्र त्या दिवशी बंद होते. मेंदूत गुठळी अडकली आहे की शीर फुटली आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. आणि गुठळी विरघळविणारे औषध शीर फुटलेल्यास दिले तर ते प्राणावर बेतू शकते. ते औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तुळजापूरचा घाट उतरून आम्हांस सोलापुरास पोचविले, तेव्हा ती वेळ टळून गेली होती. वाचक या निबंधातील बाकी सर्व विसरले तरी चालेल. परंतु तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी एक जरी चिन्ह दिसले तरी तत्काळ १०८ या क्रमांकास कळवावे आणि कांदा स्वयंपाकघरातच असू द्यावा.

पंधरा दिवसांनी घरी आलो. त्या वेळी आमच्यापाशी ‘हो’, ‘नाही’ आणि ‘अरे’ असे तीन शब्द होते, आणि त्यांतील पहिल्या दोहोंची अदलाबदल होत असे. पत्नी विचारी, ‘जेवता का?’ आम्ही भुकेने व्याकूळ, आणि तोंडातून निघे ‘नाही’. ताट उचलले जाई. अखेर तिने शब्दांवर विश्वास ठेवणे सोडले आणि अंगठा वर की खाली, एवढेच पाहू लागली. भेटीस येणारी मंडळी मात्र निराळ्या तऱ्हेची. आम्ही बहिरे झालो अशा समजुतीने काहीजण ओरडून बोलत. काहीजण आमच्यासमोरच पत्नीस विचारीत, ‘सरांना कळतंय का काही?’ सरांना सर्व कळत होते. त्याचे दुःख हात लुळा पडल्याच्या दुःखाहून मोठे होते, आणि ते सांगता येत नव्हते.

व्याकरण शिकविण्यात आमची वीस वर्षे गेली. त्या व्याकरणाने या काळात मोठी गंमत केली. नामे हळूहळू परत आली, प्रत्यय काही येईनात. ‘मी … शाळा … मुले … उद्या’ असे बोलणे होई. कोणी, कोणास, कोठून, याचा पत्ता नाही. आणि गंमत अशी की ‘द्वितीया’ असे कोणी म्हणताच ‘स, ला, ते’ ही घोकलेली मालिका आमच्या मुखातून बिनचूक बाहेर पडे! पाढ्यांचेही तेच. सात चोक विचारला तर मौन. परंतु सात एके सातपासून निघालो तर गाडी थेट सत्तरावर जाऊन थांबे. घोकलेले आणि स्वतः रचलेले यांचे मार्ग मेंदूत एक नाहीत, हे आम्हांस असे कळले.

मंडळीत मात्र यामुळे घोटाळा उडाला. नाताळानंतरच्या एका रविवारी उपासनेस नेले असता लहानपणापासूनचे एक गीत आम्ही पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत शब्दांसह म्हटले. सर्वांचे डोळे पाणावले, पाळकांनी उपकारस्तुती केली. परंतु उपासना संपल्यावर बाहेर येऊन प्यावयास पाणी मागावयाचे होते, तो शब्द सापडेना. ईश्वराचे आभार मानण्यास आम्ही कोणाहून मागे नाही. तरीपण सत्य तेही सांगितले पाहिजे. सन १७४५ मध्ये स्वीडन देशातील ओलोफ दालिन यांनी अशाच एका रोग्याची हकीकत लिहून ठेवली आहे. बोलता न येणारा तो मनुष्य उपासनेतील गीते स्पष्ट शब्दांत म्हणे. स्वर आणि पाठांतर यांस मेंदूच्या उजव्या अंगाचाही आधार असतो. याच तत्त्वावर अमेरिकेत बॉस्टन येथील तज्ज्ञांनी १९७३ मध्ये उपचाराची एक पद्धत मांडली; लहान लहान वाक्ये सुरावर म्हणावयाची आणि डाव्या हाताने ठेका धरावयाचा. सोलापूरच्या वाक्-उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हांस तीच लावली. ‘चहा द्या’ हे आम्ही ओवीच्या चालीवर मागत असू. शेजारची मुले भिंतीपलीकडून साथ देत.

त्याच बाईंनी आमच्या पत्नीस एक कडक नियम घालून दिला होता. मोशेला अहरोन मिळाला तशी ती आमची वाक्ये पुरी करू लागली होती. ते बंद करविले. मनात दहा आकडे मोजावे, मग हवे तर पहिले अक्षर सुचवावे. दहा आकडे मोजणे हे प्रेमळ माणसास किती कठीण जाते, ते आम्ही रोज पाहात होतो.

कोणती भाषा आधी परतते, याविषयी फ्रेंच पंडितांत जुना वाद आहे. रिबो यांच्या मते जी सर्वांत आधी शिकलो ती. पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटले की जी आजाराच्या वेळी अधिक वापरात होती ती. आमच्या बाबतीत रिबो जिंकले. शाळेतील शुद्ध मराठी आणि इंग्रजी दोन्ही बसून राहिल्या आणि आईची नळदुर्गाकडची बोली उठून चालू लागली. ‘होय’ ऐवजी ‘व्हय’, ‘फार’ ऐवजी ‘लई’. विद्यार्थी भेटीस आले तेव्हा त्यांच्या तोंडची ही रूपे आजवर लाल शाईने खोडणारे सर तीच बोलत आहेत हे पाहून पोरे थक्क झाली, आणि आमच्या मते थोडी खूषही झाली. त्याच सुमारास, सन २०२३ मध्ये, उस्मानाबादचे धाराशिव झाले. लोक नावावरून वाद घालीत. आम्हांस दोहोंपैकी कोणतेही एक वेळेवर आठवले तरी तो दिवस चांगला गेला असे वाटे.

या दिवसांत आम्हांस महात्मा जोतीराव फुले यांची आठवण वारंवार होई. तेही पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेचे विद्यार्थी. सन १८८८ मध्ये पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग निकामी झाले. वय साठीच्या पुढे, औषधपाण्यासही पैशाची ओढ. त्यांनी डाव्या हाताने लिहिण्यास आरंभ केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८८९ मध्ये पुरे केले. ते छापून निघाले १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. आम्हांस काही ग्रंथ लिहावयाचा नव्हता. बँकेच्या कागदावर सही आणि मुलीच्या वाढदिवसास तिचे नाव, एवढेच डाव्या हाताने साधावयाचे होते. सही पाच महिन्यांत साधली. मुलीचे नाव त्याआधीच साधले. त्यात एक जोडाक्षर आहे, ते मात्र दोन दिवस झगडले.

सहा महिन्यांत जे आले ते आले, पुढे काही येत नाही, असे एका गृहस्थाने आम्हांस ठासून सांगितले होते. ते खरे नाही. आरंभीच्या महिन्यांत सुधारणा वेगाने होते, मग तिचा वेग मंदावतो. परंतु सराव चालू ठेवला तर वर्षानुवर्षे थोडे थोडे येतच राहते. ‘वांगे’ हा शब्द आम्हांस तिसऱ्या वर्षी मिळाला. भाजीवाल्या मावशींनी त्या दिवशी पाव किलो फुकट दिली.

गेल्या जूनपासून आम्हांकडे पाचवीचा वर्ग आहे. शब्द अडला की मुले दहापर्यंत मोजतात, आणि काही पोरे मुद्दाम फार हळू मोजतात. दूरध्वनीवर बोलणे अजून साधत नाही, कारण तेथे समोरच्याचे तोंड दिसत नाही. ज्यांच्या घरी असा रोगी असेल व ज्यांस काही विचारावयाचे असेल, त्यांनी मधल्या सुट्टीत शाळेत यावे, समोर बसावे, आणि जरा वेळ हाताशी ठेवून यावे.