कंटेनर म्हणजे वेगळं मशीन नव्हे

एका वाचनालयाची ग्रंथसूची ऑनलाइन आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. क्लाउडवर भाड्याने घेतलेलं एक छोटं व्हर्च्युअल मशीन, त्यात उबंटू, त्यावर डॉकर आणि डॉकरमध्ये पोस्टग्रेसचा कंटेनर. एका आज्ञेत डेटाबेस सुरू झाला आणि कंटेनर म्हणजे एक बंदिस्त, स्वतंत्र मशीनच, असं मी धरून चाललो. खरं तर कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं. तो यजमान मशीनच्याच लिनक्स कर्नलवर चालतो; नेमस्पेसमुळे त्याला बाकीचं दिसत नाही, एवढंच. डिस्क तीच, बाहेर जायची नेटवर्कची वाटही तीच. हे मी वाचलं होतं, पण मनात उतरलं नव्हतं.

पोर्ट उघडताना मी ५४३२:५४३२ असं लिहिलं. यूएफडब्ल्यू या उबंटूच्या फायरवॉलमध्ये हे पोर्ट बंद होतं, त्यामुळे बाहेरून कुणी येणार नाही अशी माझी खात्री होती. क्लाउडची स्वतःची फायरवॉल मात्र मी सताड उघडी ठेवली होती, कारण यूएफडब्ल्यू आहेच ना! पण पोर्ट प्रसिद्ध करताना डॉकर आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम लिहितो. येणारं पॅकेट त्या नियमांनी आधीच कंटेनरकडे वळवलं जातं आणि यूएफडब्ल्यू जिथे अडवतो त्या इनपुट साखळीत ते पोचतच नाही. माझा डेटाबेस साऱ्या जगाला खुला होता. पासवर्ड लांबलचक होता म्हणून कुणी आत शिरलं नाही, पण अनोळखी पत्त्यांवरून प्रयत्न अखंड चालू होते आणि प्रत्येक फसलेला प्रयत्न लॉगमध्ये नोंदला जात होता.

डॉकरची नेहमीची लॉग-व्यवस्था फाइलच्या आकाराला आपणहून मर्यादा घालत नाही. छोटी डिस्क भरली, डेटाबेस बंद पडला. मी घाईघाईने कंटेनर काढून टाकला आणि डिस्क मोकळी करायला डॉकरची 'सिस्टिम प्रून' ही आज्ञा व्हॉल्यूमसकट चालवली. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज आपला डेटा व्हॉल्यूममध्ये ठेवते. आपण नाव दिलं नाही तर बिननावी व्हॉल्यूम तयार होतो. कंटेनर काढला तरी तो शिल्लक राहतो, म्हणजे नोंदी तोवर सुरक्षित होत्या. पण कंटेनर गेल्यावर डॉकरच्या लेखी तो व्हॉल्यूम बेवारस ठरला आणि माझ्या त्या एका आज्ञेने पुसला गेला.

ग्रंथपालबाईंनी कपाटं उघडून, पुस्तकं हातात घेऊन एकेक नोंद केली होती. लेखकांच्या नावांतल्या चुका सुधारल्या होत्या, जुन्या आवृत्त्यांची सालं शोधून घातली होती. बॅकअप नव्हता. त्यांना सांगायला गेलो तेव्हा त्या रागावल्या नाहीत. 'परत करू,' म्हणाल्या. मला ते रागावण्याहून जड गेलं. त्यानंतर मीही त्यांच्याबरोबर नोंदी करायला बसलो.

आता व्हॉल्यूमला नाव आहे. लॉगला कमाल आकार घालून दिला आहे. पोर्ट प्रसिद्धच केलेलं नाही. ॲपचा आणि डेटाबेसचा कंटेनर एकाच डॉकर नेटवर्कवर परस्परांशी बोलतात. क्लाउडची फायरवॉल, जी पॅकेट मशीनपर्यंत येण्याआधीच अडवते, ती फक्त वेबसाठी आणि माझ्या लॉगिनसाठी उघडी आहे. रोज रात्री पीजी-डंप घेऊन तो दुसरीकडे पाठवला जातो आणि मी अधूनमधून तो कोऱ्या कंटेनरमध्ये उतरवून नोंदींची संख्या जुळते का ते पाहतो.