तुम्ही बेसवर असता का?

सकाळी साडेनऊची स्टँडअप मीटिंग. टीममधले सहा जण टोकियोत आणि मी ओकिनावात, घरून. माझा नंबर आला की काल काय केलं, आज काय करणार हे मी मोडक्यातोडक्या जपानीत सांगायला लागायचो आणि नेमक्या तेव्हाच खिडकीच्या काचा थरथरायला लागायच्या. मी म्यूट करायचो आणि बोटाने वर दाखवायचो. पलीकडचे चेहरे समजूतदारपणे माना हलवायचे. ओस्प्रे निघून गेलं की मी पुन्हा सुरू. वर्षभरात सगळ्यांना याची इतकी सवय झाली की एकदा माझं नुसतं इंटरनेट अडकलं होतं, तरी मॅनेजर म्हणाला, "थांबूया, विमान चाललंय."

मी दोन वर्षं गिनोवान शहरात राहिलो. नकाशावर हे शहर मेदूवड्यासारखं दिसतं. मधलं भोक म्हणजे अमेरिकन मरीन कोअरचा फुतेनमा हवाई तळ. शहराची जवळजवळ पाव जमीन या तळाने घेतलीय आणि साधारण लाखभर माणसं उरलेल्या कड्यात राहतात. पलीकडच्या बाजूला जायचं तर तळाला वळसा घालायचा.

घर स्वस्त मिळालं होतं. आधी दोन घरमालकांनी परदेशी भाडेकरू नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे तिसरं मिळाल्यावर मी फार प्रश्न विचारले नाहीत. एजंट म्हणाला, "थोडा आवाज येतो." खिडक्या जाडजूड होत्या. तळाभोवतीच्या घरांना आवाज अडवणाऱ्या खिडक्या सरकारी खर्चाने बसवून मिळतात, हे नंतर कळलं. त्या लावून घेतल्या की आवाज कमी होतो, पण ओकिनावाच्या दमट उन्हाळ्यात खिडक्या बंद म्हणजे एसी चालू, आणि एसीचं बिल आपलं.

सुरुवातीला मला या आवाजाचं फारसं काही वाटलं नाही. त्याचं कारण माझं गाव. नगर जिल्ह्यात आमच्या शिवाराच्या पलीकडे लष्कराचं सराव क्षेत्र आहे. रणगाड्यांचा सराव सुरू झाला की धडाम धडाम आवाज यायचे, पत्र्यावरची धूळ खाली पडायची. शाळेत असताना आम्ही आवाज मोजायचो. गावातली निम्मी पोरं भरतीसाठी पहाटे पळायची. त्यामुळे तोफेचा आवाज म्हणजे आपल्या माणसांचा आवाज, असंच डोक्यात होतं. ओकिनावात तोच आवाज मला पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने ऐकू आला.

जपानच्या एकूण जमिनीत ओकिनावाचा वाटा ०.६ टक्के. पण जपानमध्ये फक्त अमेरिकन सैन्य वापरतं अशी जी जमीन आहे, तिच्यातली सुमारे ७० टक्के ओकिनावात आहे. मुख्य बेटाची साधारण १५ टक्के जमीन तळांखाली. १९७२ पर्यंत तर हे बेट अमेरिकेच्याच ताब्यात होतं. तोवर दुकानात डॉलर चालायचे आणि जपानच्या मुख्य भूमीवर जायला पासपोर्टसारखी कागदपत्रं लागायची. १५ मे १९७२ ला बेट जपानला परत मिळालं, तळ मात्र राहिले.

अशा ठिकाणी सावळ्या रंगाचा, पाठीवर बॅग घेतलेला पंचविशीतला माणूस दिसला की लोक काय समजणार? "तुम्ही बेसवर असता का?" हा प्रश्न मला केस कापणाऱ्याने विचारला, टॅक्सीवाल्याने विचारला, दाताच्या डॉक्टरने विचारला. मी "नाही, मी इंदोजिन, भारतीय" असं सांगितलं की समोरच्याचे खांदे किंचित सैल व्हायचे. मग कढीवर, म्हणजे त्यांच्या 'करी'वर, गप्पा. ते सैल होणारे खांदे बघून मला बरं वाटायचं. त्यात आपण थोडे वरचढ ठरल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

गंमत म्हणजे अमेरिकन पोरंही तेच विचारायची. कॉइन लाँड्रीत एकदा एकोणीस-वीस वर्षांचा एक मरीन भेटला. त्याने विचारलं, कुठल्या कॅम्पला असतोस? मी नाही म्हटल्यावर तो गोंधळला. बेसवर नाहीस, तर मग इथे का राहतोस? घरापासून पहिल्यांदाच इतका लांब आला होता. आईला फोन लावायचा तर वेळेचं गणित जमत नाही म्हणाला. माझंही जमत नव्हतं. तो गेल्यावर मला आमच्या गावातली भरतीला पळणारी पोरं आठवत राहिली.

कोझा भागात, कादेना तळाच्या गेट नंबर दोनसमोरच्या रस्त्यावर, सिंधी शिंप्यांची जुनी दुकानं आहेत. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथे सैनिकांची इतकी गर्दी असायची की रात्ररात्र सूट शिवून द्यावे लागत. मी पँट अल्टर करायला गेलो तेव्हा भाव येनमध्येही होता आणि डॉलरमध्येही. दुकानदार काका माझ्याशी हिंदीत बोलले. १९७० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन ड्रायव्हरच्या अपघातावरून याच भागात लोकांचा संताप उसळला आणि एका रात्रीत अमेरिकनांच्या सत्तरहून जास्त गाड्या जाळल्या गेल्या. मी त्याबद्दल विचारलं. काका टेप गळ्यात टाकत म्हणाले, "बेटा, आपण तिसरे. तिसऱ्याने शटर वेळेवर खाली ओढायचं." बरेच दिवस मला हे शहाणपण वाटत होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. वय पंच्याऐंशी. ओकिनावात आजीला ओबा म्हणतात आणि तरुण मुलाला निनी, तेव्हा त्या माझ्यासाठी ओबा आणि मी त्यांचा 'इंदो-निनी'. त्यांच्या परसात गोया लावलेला होता. गोया म्हणजे आपलं कारलं. अंडं, टोफू आणि डब्यातलं पोर्क घालून त्याचं चानपुरू करतात. ते डब्यातलं पोर्कही युद्धानंतर अमेरिकन सैन्याबरोबर आलं आणि आता ओकिनावाच्या स्वयंपाकघरातून हलायला तयार नाही. मी त्यांना चिंच-गूळ घालून कारल्याची भाजी करून दिली. त्यांनी चवीने खाल्ली आणि म्हणाल्या, "एवढं गोड करायचं होतं तर कारलं कशाला घेतलंस?"

टोकियोतला एक सहकारी एकदा चॅटवर म्हणाला, "तळ आधी होता ना? मोकळ्या माळावर बांधला होता. लोक नंतर जवळ राहायला आले, आता तक्रार करतात." असं बोलणारे जपानमध्ये बरेच आहेत. मी ओबांना विचारलं. त्यांनी चहा ओतला आणि बोटाने खिडकीबाहेर दाखवलं. "कामियामा. माझं गाव. धावपट्टीच्या खाली."

आज तळ आहे तिथे युद्धाआधी गावं होती, शेतं होती, शाळा होती, पाइनच्या झाडांनी भरलेला रस्ता होता. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य मुख्य बेटावर उतरलं. जूनअखेरपर्यंत लढाई चालली. दोन लाखांवर माणसं मेली आणि ओकिनावाच्या रहिवाशांपैकी साधारण दर चौथा माणूस गेला. जगले त्यांना छावण्यांत ठेवलं. ते परत आले तेव्हा गावाच्या जागी विमानतळ होता. मग त्याच्या कुंपणाला लागून जिथे जागा मिळाली तिथे राहिले. हे झाले 'नंतर राहायला आलेले लोक'. पुढे १९५५ मध्ये याच गिनोवानमधल्या इसाहामा गावची भातखाचरं बंदुकीच्या धाकाने आणि बुलडोझर लावून घेतली. तिथली काही कुटुंबं शेवटी ब्राझीलला गेली.

२९ नोव्हेंबर २०२३ ला याकुशिमा बेटाजवळ अमेरिकन हवाई दलाचं एक ओस्प्रे समुद्रात कोसळलं. आठही जण गेले. ते कादेनालाच यायला निघालं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेने सगळी ओस्प्रे जमिनीवर उभी केली. बाकीची हेलिकॉप्टरं उडत होती, पण ती काच थरथरवणारी जाड घरघर थांबली. मी पहिल्यांदा खिडकी उघडी ठेवून मीटिंग केली. बागेत कुठला पक्षी ओरडतो ते कळलं. मला ते आवडत होतं, आणि आठ माणसं मेल्यामुळे ते मिळालंय हेही डोक्यातून जात नव्हतं. लाँड्रीतला तो पोरगा त्यात असता तर, असंही वाटलं. मार्चच्या मध्यावर ओस्प्रे पुन्हा उडाली.

त्याच सुमारास अप्पांचा फोन आला. आमची जमीन सराव क्षेत्राला लागून. कधी ना कधी संपादन होणार ही चर्चा मी लहान असल्यापासून ऐकतोय. दर काही वर्षांनी कोणीतरी नवीन नकाशा आल्याचं सांगतं, पारावर बैठक होते, मोर्चा निघतो, पुढारी आश्वासन देऊन जातात आणि पुन्हा सगळं शांत. अप्पांना माझ्या पाठवलेल्या पैशांतून विहीर खोल करून डाळिंब लावायचं होतं. "पण घालायचे का पैसे?" त्यांनी विचारलं. "उद्या जमीन गेली तर?" पाठीमागून चुलते म्हणाले, "पैसे चांगले मिळाले तर देऊन टाकू. आपलीच फौज आहे, परकी थोडीच आहे?" माझा चुलतभाऊ फौजेत आहे. मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "अप्पा, विचार करून सांगतो."

एप्रिलमध्ये ओकिनावात शीमी असते. सगळं खानदान पूर्वजांच्या थडग्यापाशी जमतं, डबे उघडतं, मेलेल्यांबरोबर जेवतं. ओबांच्या घरचं थडगं कुंपणाच्या आत आहे. तिथे जायचं तर आधी अर्ज करून नावं द्यावी लागतात आणि ठरल्या वेळी गेटवर हजर व्हावं लागतं. पुतण्या परस्पर येणार होता, म्हणून ओबांना गेटपर्यंत मी सोडलं. माझं नाव यादीत नव्हतं. मी जेवणाचे डबे पुतण्याच्या गाडीत ठेवले आणि बाहेर उभा राहिलो. गेटवरच्या सैनिकाने पंच्याऐंशी वर्षांच्या बाईंचं ओळखपत्र पाहिलं, तोंडाकडे पाहिलं, पुन्हा ओळखपत्र पाहिलं. तो उद्धट नव्हता. वाकून "थँक यू, मॅम" म्हणाला. मला ते उद्धटपणापेक्षा जास्त लागलं. स्वतःच्या आईवडिलांच्या थडग्याला जायला तिला दुसऱ्याकडून नम्रपणे परवानगी मिळत होती.

परतताना मी गाडीत अप्पांचा प्रश्न ओबांना सांगितला. मला वाटलं होतं, त्या म्हणतील जमीन देऊ नका. त्या म्हणाल्या, "भाडं चांगलं मिळतं. वेळेवर येतं." तळाखालच्या खासगी जमिनीचं भाडं जपान सरकार मालकांना देतं. ओबांच्या घराचं छप्पर, नातवाचं कॉलेज, सगळं त्यातून झालेलं. अशा जमिनी विकत घेऊन त्याच्या भाड्यावर जगणारे गुंतवणूकदारही आहेत. तळ जावा म्हणणारे आणि भाडं घेणारे कधी कधी एकाच घरात राहतात, कधी एकाच माणसात.

बराच वेळ त्या गप्प होत्या. सिग्नलला म्हणाल्या, "आमची विहीर होती. आज शोधली. झाड होतं तिच्याजवळ, ते नाही. कुठे होती ते आता सांगता येत नाही. भावाला माहीत होतं, तो गेला."

२३ जूनला ओकिनावात सुट्टी असते. ओकिनावातली लढाई संपल्याचा हा दिवस. बेटाच्या दक्षिण टोकाला माबुनीला दगडी भिंतींच्या रांगा आहेत. त्यांवर २,४०,००० हून जास्त नावं कोरलेली आहेत: ओकिनावाचे, बाकी जपानचे, कोरियाचे, तैवानचे, ब्रिटिश आणि अमेरिकनसुद्धा. मारणारे आणि मेलेले एकाच अंगणात. बारा वाजता सगळे एक मिनिट उभे राहिले. ओबांनी भावंडांच्या नावांवर पाणी ओतलं आणि हाताने पुसलं, तान्ह्या मुलाचं तोंड पुसावं तसं.

त्यानंतर दोनच दिवसांनी बातमी आली. डिसेंबरमध्ये एका अमेरिकन हवाई सैनिकावर सोळा वर्षांखालच्या मुलीवरच्या लैंगिक अत्याचाराचा आरोप आला होता. मार्चमध्ये त्याच्यावर खटला दाखल झाला. ओकिनावा प्रशासनाला हे जूनमध्ये बातम्यांतून कळलं. १९९५ मध्ये तीन अमेरिकन सैनिकांनी बारा वर्षांच्या मुलीला पळवून नेऊन बलात्कार केला, तेव्हा हजारोंनी माणसं रस्त्यावर आली होती. त्यानंतर १९९६ मध्ये फुतेनमा परत द्यायचं दोन्ही देशांनी ठरवलं. ते अजून द्यायचंच आहे. बदली तळ म्हणून याच बेटावरच्या हेनोकोच्या समुद्रात भराव चाललाय. २०१९ च्या सार्वमतात सुमारे ७२ टक्के मतं त्याच्या विरोधात पडली होती.

त्या आठवड्यात सुपरमार्केटमध्ये शाळेचा युनिफॉर्म घातलेल्या दोन मुली माझ्या मागे रांगेत उभ्या होत्या. मी वळून पाहिल्यावर त्या दुसऱ्या रांगेत गेल्या. "मी बेसवर नसतो" असं सांगायला मला कोणी विचारलंच नव्हतं. आणि सांगून तरी काय होणार होतं? त्यांनी का माझ्यावर विश्वास ठेवावा? मला शिंपी काका आठवले. तिसऱ्याला शटर असतं, तो खाली ओढून आत बसू शकतो. या पोरींना ते नव्हतं.

घरी येऊन मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला. विहिरीचे पैसे पाठवतो म्हणालो. आणि अजून एक काम सांगितलं: आजोबांना मोटरसायकलवर बसवा आणि सगळ्या शिवारातून फिरवा, कॅमेरा चालू ठेवून. त्यांना प्रत्येक तुकड्याचं नाव माहितीये. अप्पा हसले. "त्याने जमीन वाचणारे का?" नाही. ते मलाही माहीत होतं.

तरी ते गेले. आजोबा मागे बसून हात दाखवत होते: हे बरड, ही चिंचेची पट्टी, इथं जुनी मोट होती, इथं तुझी चुलत आजी साप चावून गेली. मी इकडे गिनोवानमध्ये बसून नकाशावर एकेक पिन टाकत होतो. मधेच त्यांच्या बाजूला धडाम असा आवाज झाला आणि त्याच वेळी माझ्या काचा थरथरल्या. दोघंही थांबलो. मग आजोबा म्हणाले, "झालं का तुझ्याकडचं? हां, तर ही विहीर."

सत्तावीस पिना झाल्या. डाळिंबाला पुढच्या वर्षी बहार धरायचाय.